भिंतीवरची देओलिंदा

लिस्बनच्या ग्रासा भागातल्या ट्राम थांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. समोरच्या चार मजली भिंतीवर त्यांतल्याच एकीचा, देओलिंदाचा, चेहरा रंगवलेला होता.

“काय गं, घरमालकाचं पत्र आलं म्हणे?”

“आलं ना! सांत अँतोनियोच्या सणाआधी खोली रिकामी करा, इथे हॉटेल होणार. पन्नास वर्षं काढली मी तिथे, झुल्मिरा.”

“आणि भिंतीवरची तू?”

“ती राहणार. नगरपालिकेनं तिला वारसा ठरवलंय. तिच्या केसालाही धक्का लावायचा नाही.”

“तो चित्रकार काही बोलला का?”

“आला होता. म्हणाला, आजी, तुमचं दुःख मला कळतं, गालावर एक अश्रू काढतो.”

“मेला!”

“म्हटलं, अश्रू राहू दे, सामान उतरवायला ये. तर म्हणे पाठ दुखते.”

“मग गं?”

“मग काय! माझी खिडकी नेमकी भिंतीवरच्या त्या नाकाखाली. रोज पर्यटक यायच्या वेळेला तिथे नवऱ्याच्या चड्ड्या वाळत घालते.”

“अगं, तो जाऊन नऊ वर्षं झाली!”

“म्हणून काय झालं? धुते रोज. पण गाइड सांगतो, हाही कलाकृतीचाच भाग. लोक टाळ्या वाजवतात!”

एवढ्यात एका पर्यटकानं भिंतीकडे कॅमेरा उचलला; देओलिंदा मधे येत होती.

“बाई, जरा बाजूला व्हा. तुम्ही फोटोत येताय.”

ट्राम आली. झुल्मिरा चढली, मीही चढलो. देओलिंदा मात्र जागची हलली नाही.