साखरेचं रेकॉर्डिंग

एम.ए.ले असतानाची माही पहिली मुलाखत सांगतली काय तुमाले? पेपरचा विषय होता बाई अन् देश. मॅडम म्हणाल्या, लग्न होऊन दुसऱ्या राज्यात आलेल्या बाईले विचारा, ती सोताले कुठली समजते. मी किरनापुरले काकूकडे गेलती. काकूचं माहेर महाराष्ट्रात, गोंदियाकडं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं अन् विचारलं, "काकू, तुमी कुठल्या?"

बाजूले काका बसले होते. म्हणाले, "किरनापुरची. अजून कुठली?"

"अन् काकू, तुमाले आपलं घर कोणतं वाटते?"

"हेच. चाळीस साल झाले न," पुन्हा काकाच.

मंग मी म्हटलं, "काका, आज चहा तुमीच मांडा न." काका बिचारे उठून आत गेले.

"हां काकू, आता सांगा, हे घर कोणाचं?"

काकू बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "अवं, साखर कुठं हाय?"

काकू मोबाईलकडे वाकल्या अन् हळूच म्हणाल्या, "हे आलं काय त्याच्यात?"

मागच्या साली काकू गेल्या. परवा मी गेली तं काकांनं सोताच चहा मांडला. कप हाती देऊन म्हणाले, "ते साखरेचं लाव न जरा."