नऊ कागदांचे वजन

जबाब, दि. १५ जुलै २०१९, सोमवार. सुरुवात सकाळी ११.२० वाजता.

मी तनुजा शेषेराव मुगळे, वय २६ वर्षे, शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशन पदविका (नांदेड येथून), व्यवसाय वजनकाट्यांची दुरुस्ती व तपासणी, जोडधंदा जुन्या पुस्तकांची ऑनलाइन विक्री, राहणार सिंधु बजरंग भोसगे यांचे घर, औसा रोड, लातूर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारण्यात आले त्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझी मोठी बहीण सिंधु (वय ३६), तिचे पती बजरंग व त्यांचा अकरावीतील मुलगा यांच्यासोबत राहते. बहिणीला मी अक्का म्हणते, तिच्या पतीला दाजी. अक्का घरीच कोचिंगच्या मुलींसाठी खानावळ चालवते. दाजी छापखान्यात मशीनवर काम करतात. या प्रकरणातील फिर्यादी कोचिंग क्लासच्या प्रश्नपत्रिका त्याच छापखान्यात छापल्या जातात.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यात आहे. १९९३ च्या भूकंपात आई वारली. त्या वेळी मी अकरा महिन्यांची होते, अक्का दहा वर्षांची. वडील २०११ साली वारले. मला अक्काने वाढवले. नांदेडला शिकत असताना दर सोमवारी अहमदपूरमार्गे येणाऱ्या एस.टी.ने तिचा डबा येत असे.

फिर्यादी क्लासची तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. क्लासच्या मोफत बॅचची निवड चाचणी काल, रविवार दि. १४ रोजी होती. ती रद्द झाली. चाचणीची प्रश्नपत्रिका व उत्तरे आधीच टपालाने बाहेरगावी गेली होती व त्या पाकिटावर पाठवणार म्हणून माझे नाव होते, असे तक्रारीत आहे. समाधानकारक खुलासा न झाल्यास मला आरोपी करण्यात येईल, हे मला सांगण्यात आले. मागील महिन्यात माझी वजने-मापे खात्यात निरीक्षक पदावर निवड झाली आहे. त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद याच ठाण्यात आले आहेत. गुन्हा दाखल झाल्यास ती नेमणूक होणार नाही. हे मी लपवले असे पुढे म्हटले जाऊ नये म्हणून आताच सांगते.

माझा विक्रीचा व्यवसाय पुढीलप्रमाणे चालतो. परीक्षा झाल्यावर मुले कोचिंगची छापील पुस्तके रद्दीत देतात. ती मी घेते, फाटलेली पाने चिकटवते व ऑनलाइन विकते. घेणारी मुले बहुतेक तालुक्याच्या गावांतील असतात. पाठवणी टपालाने, रजिस्टर्ड बुक पोस्टने होते. छापील पुस्तकांना तो दर सर्वांत कमी पडतो.

दोन वर्षांपासून मी लातूर व नांदेड जिल्ह्यांतील छोट्या विक्रेत्यांना टपालाबाबत विनामूल्य सल्ला देते. मोबाइलवरील त्या गटात ११२ जण आहेत, बहुतेक बायका. कुणी मसाले पाठवतात, कुणी गोधड्या, कुणी लहान मुलांची झबली. त्यांच्यासाठी मी एक माहितीपत्रक केले आहे. पिनकोडचे सहाही अंक सुटे सुटे लिहावेत. पावसाळ्यात आतून प्लास्टिक, वरून कागद. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी, वरची ओली झाली तर उपयोगी पडते. वजन घरीच करून जावे. मिरची पावडर दुहेरी पिशवीत भरावी, नाहीतर सगळी गोणी शिंकते. हे शेवटचे वाक्य गटातील रत्नम्मा यांचे आहे, मी तसेच ठेवले.

फिर्यादी क्लासने हे पत्रक माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दिले आहे. त्यातील मुद्दा चार असा: बुक पोस्टचे पाकीट चिकटवून बंद करू नये, एक बाजू उघडी ठेवून सुतळीने बांधावे. हा माझा शोध नाही, टपालाचा नियम आहे. आत पुस्तकच आहे, पत्र किंवा दुसरे काही नाही, हे टपाल कर्मचाऱ्याला बाहेर काढून बघता आले पाहिजे. सुतळीची गाठ सुटणारी असते. म्हणजे पाकिटात नंतर काही घालताही येते. हा विचार मी केला नव्हता. सल्ला अजून मागे घेतलेला नाही, कारण नियम तोच आहे.

पाकिटे मी सकाळी कामावर जाण्यापूर्वी भरते. प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवून आकड्यासह फोटो काढते व पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वजन लिहिते. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. दर महिन्याला मी तो प्रमाणित वजनांनी तपासते. त्यानंतर पाकिटांची यादी दोन प्रतींत करते. पाकिटांची पिशवी अक्का टपाल कार्यालयात नेते, यादीवर सही करते, पावत्या आणते. जानेवारी २०१८ पासून हे काम तीच करते. मी सांगितले नव्हते. "तू कामावर जा, मला भाजीला जायचंच असतंय," असे ती म्हणाली होती.

दि. ९ जुलै, मंगळवार रोजी चौदा पाकिटे होती. मी ती ८.४० वाजता अक्काच्या हातात दिली. पावत्यांवर पहिली वेळ १०.१६ आहे.

दि. ११ रोजी संध्याकाळी ६.०५ वाजता मला हिमायतनगरहून फोन आला. "मॅडम, मी आलिया बोलून राहिले. जीवशास्त्राचं पुस्तक मागवलं होतं ते मिळालं. पण त्यात पेपर निघालाय. रविवारचा." मी विचारले, "रविवारचा कशावरून?" ती म्हणाली, "वर तारीख हाय. मी पण बसणार हाय ना त्या परीक्षेला." तू वाचलास का, असे विचारले. "पहिलं पान वाचलं. मग अब्बांनी ओढून घेतला."

फोन तिचे वडील मोहियोद्दीन यांनी घेतला. ते शिवणकाम करतात. ते म्हणाले, "बेटा, हे तुम्ही घातलं का चुकून आलं? खरं सांगा. माझी पोरगी साल झालं ह्याच्यासाठी उजाडायच्या आत उठून राहिली." मी म्हणाले, मी घातलेले नाही. पाकीट, सुतळी, कागद, काहीही न टाकता सगळे क्लासच्या कार्यालयात द्या. ते म्हणाले, "तुमचं नाव हाय त्याच्यावर." मी म्हणाले, हो. त्यांनी दि. १२ रोजी स्वतः लातूरला येऊन ते दिले. मी सांगितले नसते तरी त्यांनी दिले असते, असे मला वाटते.

फोन आला त्याच संध्याकाळी, दि. ११ रोजी, मी चौदा पाकिटांचे फोटो व पावत्या समोरासमोर ठेवल्या. आलियाचे पाकीट घरी ६१२ ग्रॅम होते. पावतीवर ६५२ आहे. अशी वाढ पाच पाकिटांत आढळली: हिमायतनगर, माहूर, अहमदपूर, देगलूर व उदगीर, प्रत्येकी एक. त्यांत वाढ ३८ ते ४१ ग्रॅम आहे. उरलेल्या नऊ पाकिटांत फरक दोन ग्रॅमपेक्षा जास्त नाही. म्हणून काटा चुकला किंवा पावसाने कागद ओला झाला, ही कारणे बसत नाहीत. पिशवी एकच होती, पाऊसही एकच होता. प्रश्नपत्रिका आठ कागदांची व उत्तरे एका कागदावर, असे आलियाने मोजून सांगितले होते. नेहमीच्या छपाईच्या एका कागदाचे वजन सुमारे ४.३७ ग्रॅम भरते. नऊ कागदांचे ३९.३ ग्रॅम होते.

मग मी मागील पावत्या काढल्या. एप्रिलपासून आणखी सतरा पावत्यांत अशीच वाढ आहे. त्या पाकिटांत काय होते हे मला सांगता येणार नाही.

माझ्या पत्रकातील मुद्दा सात असा आहे: पावतीवरील वजन रोज आपल्या वजनाशी ताडून पाहावे. मी ते केले नव्हते. फक्त क्रमांक आणि पिनकोड बघून पावत्या फाइलला लावत होते. कारण पावत्या अक्का आणत होती.

दि. १२ रोजी सकाळी मी टपाल कार्यालयात जाऊन काउंटरवरील कर्मचारी ईश्वरप्पा यांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेन्सिलीवर आमचा काट्यापेक्षा जास्त भरवसा. मंगळवारी मी बाईंना बोललो बी, आज मॅडमचा काटा बिघडला काय म्हणून. तर म्हणल्या, पुठ्ठा ओला झालाय." मी विचारले, बाई म्हणजे कोण? ते म्हणाले, "आता घ्या. तुमच्या अक्का की ओ."

दुपारी ३.३० वाजता, खानावळीचे जेवण उरकल्यावर, मी पाच पावत्या अक्कासमोर ठेवल्या. ती मेथी निवडत होती. "अक्का, यांचं वजन कसं वाढलं?"

"मला काय इचारतीस? काटा तुझा."

"काटा बरोबर आहे."

"मग टपालवाल्याचा चुकला असंल."

"नऊ पाकिटांना चुकला नाही. पाचांनाच चुकला."

ती म्हणाली, "लई बारीक बघतीस गं तू. लहानपणापसून हीच खोड. भातातला एक खडा निघाला तर ताट सारायचीस." थोड्या वेळाने तिने मेथी बाजूला ठेवली व म्हणाली, "दोन्ही हिमायतनगरचीच होती. मला वाटलं, ज्यात घालायचं ते हेच."

त्या दिवशी हिमायतनगरला दोन पाकिटे होती, हे खरे आहे. आलियाचे एक व दुसऱ्या एका मुलाचे. मात्र तोपर्यंत मी हिमायतनगरचे नाव घेतले नव्हते, पावत्या पालथ्या होत्या व फोन आल्याचेही तिला सांगितले नव्हते.

मी विचारले, कधीपासून? ती म्हणाली, "त्यांला इचार." दाजी ५.४५ वाजता आले. त्यांना मी तेच विचारले. ते हसले. "काय ओ इन्स्पेक्टरीणबाई, रुजू व्हायच्या आधीच घरावर धाड? पाच लेकरं पुढं गेली तर तुमच्या खिशातलं काय जातंय?" मी म्हणाले, पेपर बाहेर गेला ही चोरी आहे. ते म्हणाले, "कागद कुणाच्या नावानं गेलेत ते बघा आधी. मग चोरी म्हणा." त्या पाच पालकांशी त्यांचे काय ठरले होते, हे मला माहीत नाही. त्यांचा मुलगाही या चाचणीला बसणार होता.

दि. १३, शनिवारी ९.३० वाजता ठाण्यातून मला सोमवारी येण्याबाबत फोन आला. त्यानंतर अक्का माझ्या खोलीत आली व दार लावून घेतले. ती म्हणाली, "तू म्हण, जुन्या पुस्तकातच होतं, मला ठाऊक नव्हतं."

"येत्या रविवारचा पेपर जुन्या पुस्तकात कसा असेल?"

"मग तूच घातलास असं सांग. तू एकटी हायस. तुला काय करतेत? चार दिवस बोलतील. माझं घर मोडतंय. पोराचं वरीस जातंय."

"आणि माझी नोकरी?"

"दुसरी लागंल. शिकलेली हायस. शिकविलं कुणी तुला?"

मी म्हणाले, "तू."

"मातीत पाच तास तुला छातीवर उचलून कोण धरलं होतं?"

मी म्हणाले, "तू."

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यानंतर मी काही बोलले नाही. त्याचा अर्थ तिने होकार असा घेतला असावा. संध्याकाळी तिने माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. सण नव्हता.

आज जबाब सुरू असताना मला सांगण्यात आले की अक्काने काल येथे येऊन जबाब दिला आहे. ती काल आल्याचे मला माहीत नव्हते. मला तिने देवळात जाते असे सांगितले होते. तिच्या जबाबातील तीन वाक्ये मला वाचून दाखवण्यात आली. ती अशी: तनुजा ही माझ्याकडे खोली घेऊन राहणारी मुलगी आहे. पाकिटे तीच भरते व तीच टपालात देते. मी टपाल कार्यालयात कधी गेलेले नाही.

ही वाक्ये पुन्हा एकदा वाचून दाखवण्याची मी विनंती केली. ती पुन्हा वाचण्यात आली.

त्यावर माझे म्हणणे असे आहे. दि. ९ जुलैच्या यादीची शिक्का मारलेली प्रत मी हजर करत आहे. त्यावर देणाऱ्याच्या जागी सिंधु बजरंग भोसगे अशी सही आहे. मागील दीड वर्षाच्या एकूण १४६ याद्या आहेत, सर्वांवर तीच सही आहे. चौदा पाकिटांचे फोटो वेळेसह, पावत्या व काटा हजर करत आहे. काटा शासकीय प्रयोगशाळेत तपासावा. दि. ९ रोजी मी ९.०५ पासून बाजार समितीत अडत्यांचे काटे तपासत होते, त्याची नोंद तेथील वहीत आहे.

पाकिटांत कागद घालताना मी कोणालाही डोळ्यांनी पाहिलेले नाही. ८.४० वाजता ते आत नव्हते. १०.१६ वाजता होते. मधला वेळ पाकिटे अक्काजवळ होती. याहून जास्त मी सांगू शकत नाही व याहून कमी सांगणार नाही.

बहिणीविरुद्ध जबाब देत आहात, विचार करायला वेळ हवा का, असे मला विचारण्यात आले. वेळ नको, असे मी सांगितले.

अक्काच्या जबाबातील खोली घेऊन राहणारी मुलगी हे शब्द चुकीचे आहेत. मी कधी खोली घेतलेली नाही. तो जबाब तिचा आहे, तो तिला बदलायला लावू नये. माझ्या जबाबात मात्र ती माझी सख्खी बहीण आहे, असेच लिहावे.

हा जबाब महिला पोलीस हवालदारांनी संगणकावर लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी स्वतः वाचला व सर्व आकडे कागदांशी ताडून पाहिले. मी सांगितले तसाच आहे, कोणाच्या दडपणाखाली दिलेला नाही. वेळ दुपारी १.५०.

सही
तनुजा शेषेराव मुगळे