दुपारची झोप आणि डेटलेफची शिडी

...नाही, नाही, थंडीचं मी काही म्हणतच नाही हो! थंडी परवडली. दारातला बर्फ उपसायचा, कानटोपी घालायची आणि मुकाट बसायचं. माझी तक्रार आहे ती उन्हाळ्याची! तुम्हाला सांगतो, या आमच्या जर्मनीतल्या हिंटरबाखमध्ये आभाळ जरा उघडलं की माणसाला घरात बसायची चोरी. फ्राऊ ओस्टरमान, म्हणजे आमची शेजारीण, सत्तरी उलटलीय पण पाय हरणाचे, ती कुंपणावरून हाक मारणार म्हणजे मारणारच, आणि हेर म्हणजे इथं श्रीयुत बरं का... "हेर बिडकर! घरात बसलात? आणि एवढं छान ऊन पडलंय!"

छान! आणि ऊन! अहो, मी अकोल्याचा. आमच्याकडे उन्हाला कुणी छान म्हणालं तर त्याला सावलीत आडवं करून कांदा हुंगायला देतात!

पण इथं ऐकतंय कोण? एका रविवारी काय, तर सायकली. पुढच्या रविवारी काय, तर डोंगर. "जवळच आहे हो, थोडंसं चालायचं!" यांचं जवळच म्हणजे आपल्याकडे तिथं एसटी जाते. आणि एवढं धापा टाकत वर जाऊन करायचं काय? तर केक खायचा आणि खाली यायचं. अहो, तोच केक खाली आमच्या बेकरीत मिळतो! पण खाली खाल्ला तर चोचले, वर खाल्ला तर व्यायाम.

तर त्या रविवारी मी ठरवलं, आज झोपायचं. बायको गेली होती बहिणीकडे स्टुटगार्टला, फ्रीजमध्ये आमरस ठेवून. फ्रँकफुर्टहून मागवलेला हापूस, तुम्हाला सांगतो, वर्षातून एकदा येतो! पुऱ्या मी तळणार, निम्म्या फुगणार, चापून जेवणार आणि मग ताणून द्यायची. बाकी आयुष्यात मी मागितलंय काय? आणि गाव तरी कसं, रविवारी दुपारी चिडीचूप! गवत कापायचं यंत्र लावाल तर सगळं गाव डोळे वटारणार. झोपायला याहून चांगली जागा पृथ्वीवर नाही... आणि झोपायचं मात्र कुणीच नाही!

सकाळीच कुंपणावरून हाक. "चला हेर बिडकर, स्ट्रॉबेऱ्या खुडायला! एवढं छान ऊन पडलंय!" मी कपाळाला हात लावला, आवाज खोल नेला, म्हटलं, "डोकं फार दुखतंय हो." तिथंच चुकलो. म्हणायचं होतं, पाहुणे येतायत. पण तेवढी बुद्धी असती तर काय पाहिजे होतं?

जेवलो. फोन स्वयंपाकघरात टाकला, वर आलो, खिडक्यांची शटरं धाडधाड खाली ओढली, काळोख गुडुप! उशी कानावर घेतली... आहाहा! स्वप्नात मी अकोल्यात, कूलरसमोर, खसचा वास...

आणि खिडकीवर ठक ठक ठक!

अहो, वरच्या मजल्याची खिडकी! बाहेरून कोण वाजवणार? अर्धवट झोपेत शटर वर केलं, तर समोर, नाकाला नाक लागेल एवढ्यावर, डेटलेफ! आमच्या गावच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख! शिडीवर उभा, डोक्यावर शिरस्त्राण, मिशीला मोहरीचा सॉस, कारण त्यांची जत्रा चालली होती मैदानावर, तिथून सॉसेज टाकून धावलेला. त्यानं खाली बघून आरोळी ठोकली, "जिवंत आहे!" आणि खाली अख्खं गाव... टाळ्या!

झालं होतं काय, की फ्राऊ ओस्टरमान स्ट्रॉबेऱ्या घेऊन मला बघायला आली. सोबत कॅमोमाइलचा काढा. बेल वाजवली, फोन केला, मग वर बघितलं... शटरं खाली! उजेड असताना शटरं खाली म्हणजे माणूस एकतर गावाला गेला, नाहीतर कायमचा गेला. बिचारी रडत रडत मैदानावर धावली हो!

मी लुंगीवर खाली आलो. तिनं माझे दोन्ही हात धरले. खरं सांगतो, एवढा जीव इथं मला कोण लावणार?

"ताप आहे?"

"नाही."

"चक्कर आली?"

"नाही हो."

"मग करत काय होतात?"

"झोपलो होतो."

डेटलेफनं शिरस्त्राण काढून हातात घेतलं. आणि फ्राऊ ओस्टरमान, डोळे पुसत, अगदी हळू आवाजात, एखाद्याला समजवावं तशी म्हणाली, "पण हेर बिडकर... एवढं छान ऊन पडलंय!"

मग काय, नेलं मला जत्रेत. बसवलं बाकावर. उन्हात!

तेव्हापासून मी तोडगा काढलाय. बागेत आरामखुर्ची टाकायची, काळा चष्मा लावायचा आणि आत डोळे मिटायचे. झोप तीच, पण बाहेर! येणारेजाणारे खूश, "वा, हेर बिडकर उन्हाची मजा घेतायत!" परवा तर काय सांगू... सूर्य थोडा सरकला, सफरचंदाच्या झाडाची गार सावली अंगावर आली आणि जो डोळा लागला म्हणता, घोरायलाच लागलो...

तोच कुणीतरी खांदा गदागदा हलवला. फ्राऊ ओस्टरमान! चेहरा काळजीनं एवढासा झालेला.

"उठा, हेर बिडकर, उठा! तुमच्यावर सावली आली!"

उठलो. खुर्ची उन्हात ओढली. आणि वर आभारही मानले तिचे... करता काय!