फुटणारे कप

अंतराळवीरांच्या वसाहतीतल्या दुकानात लरीसा रांगेत उभी होती. पुढच्या खेपेला तिचा नवरा वर जाणार होता. तिच्यापुढे तमारा, तिचा नवरा नुकताच परतलेला. लरीसानं कान टवकारले.

“पुन्हा कप, तमारा? घरात भांडणं चालू आहेत की काय?” दुकानवाल्या झीनामावशींनी विचारलं.

“नाही हो, झीनामावशी. चहा पिता पिता बोलायला लागतो नि कप हवेतच सोडून देतो. तिकडे तरंगायचा ना!”

“मग पत्र्याचे ने. पडले तरी फुटायचे नाहीत.”

“नेते. पण लेकीचं काय करू? तो वर असताना झाली. हातात द्यायला गेले की मागे सरकतो.”

“लळाच नाही म्हणायचा?”

“तसं तरी कसं म्हणू? मी तिला उचललं, की खाली दोन्ही हात पसरून उभा राहतो.”