कोकाचा रंग

अरे, तू माझ्याच बाजूला फिरवतोयस! मी एकीकडे, तू दुसरीकडे — तरच पिळली जाईल ना साल. हं, आता कसा रस गळतोय बघ. फिलिमोने, तुमच्याकडे बायकाच पिळतात का रे? पिळत असतील. आमच्याकडे अंगात ताकद दिसली की धरून बसवतात, आणि आज तू सापडलास. लेसिएलीला मागायला आलायस ते कळतं मला — सकाळपासून चारदा 'आत्याबाई' म्हणालास. म्हण, म्हण. तिचा बाप माझा भाऊ खरा, पण आत्या नाही म्हणाली तर अख्ख्या टोंगात बापाचं काही चालत नाही.

शर्टावर उडाला? जायचा नाही आता. साबण? हॅ! साबणाने गेला तर तो कोका कसला? कोकाच्या झाडाची एकाच अंगाची साल काढायची, दुसरं अंग पुढच्या खेपेला — सगळीकडून सोललं तर झाडच मरतं — मग किसायची, पिळायची, रस आटवायचा, आणि कापडावर हाताने सारवायचा. तपकिरी, तकतकीत. माझी आजी गेली, तिचं कापड अजून तसंच आहे. जोर लाव, जोर! तुझ्याआधी दोघं आले होते. एक पोस्टातला, हात खराब होतील म्हणाला. दुसरा दोन पिळ्यांनंतर पाणी प्यायला म्हणून गेला, तो अजून पितोच आहे. मीच बसवलं होतं त्यांना. का? पळून जावेत म्हणून! तुलाही त्याचसाठी बसवलं, खोटं कशाला बोलू — तिची आई गेल्यापासून पोर माझ्या कुशीत वाढली, ती तुमच्या हापाई बेटांवर गेली की मी या घरात भांडू कोणाशी?

पण तू आपला मुकाट्याने पिळतोच आहेस. आणि ती पोरगी — ईस्टरपासून साल कुटकुटून हे रंगवायचं कापड करतेय. विचारलं, कोणासाठी गं? म्हणे, देवळासाठी. देवळाला कधीपासून दोघांच्या बिछान्याएवढं कापड लागायला लागलं? अं? काय म्हटलं मी? काही नाही म्हटलं. हसतोस काय! थांब, तिने तुला काहीच सांगितलं नव्हतं होय? आणि मी बसले सगळं ओकत. अरे देवा.

ठेव ते खाली, ऊठ. नाही रे, रागावले नाही. रडू येतंय मला, आणि तुझ्यादेखत मी रडणार नाही. ती मागे खोबरं किसतेय, जा तिच्याकडे. आणि सांग तिला, आत्या हो म्हणाली. जा म्हणते ना!