पहिल्या पानावरचं कारंजं

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या वडिलांना ऊन लागलं होतं, आत सलाइन चालू होतं. भावाच्या गळ्यात कॅमेरा होता.

"भर दुपारी बाबा बाहेर पडलेच कसे, ताई?"

"तुझा फोटो आला ना पहिल्या पानावर. मित्रांना वाटायला पेपरचे आणखी पाच अंक आणायला गेले."

"त्याच पानावर छापलंय, दुपारी घराबाहेर पडू नका म्हणून."

"ते कोपऱ्यात, बारीक अक्षरात. अर्धं पान तर तुझी कारंज्यात नाचणारी पोरं. मी अडवलं तर म्हणाले, एवढीशी पोरं मजेत खेळताहेत, मला काय धाड भरलीय?"

"मी दोन फोटो दिले होते. दुसऱ्यात रस्ता खोदणारा माणूस चक्कर येऊन पडलाय आणि बायको त्याच्या तोंडावर पाणी मारतेय."

"मग तो का नाही छापला?"

"संपादक म्हणाले, सकाळी चहाबरोबर लोकांना असलं नको असतं."

"आणि तू काय म्हणालास?"

"पहिलं पान होतं, ताई."

त्याचा फोन वाजला. दोनदा 'हो सर' म्हणून त्याने तो ठेवला.

"काय म्हणतात?"

"उद्या आणखी तापणार आहे. पोरांचा अजून एखादा फोटो आहे का, विचारत होते."

"आहे?"

"आहे."

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "आजोबा शुद्धीवर आलेत. पेपर चुरगळले नाहीत ना, विचारताहेत."

"नाही म्हणावं," ताई म्हणाली. "फक्त उद्याही फोटो येणार आहे, ते सांगू नका."