करपलेल्या मेथ्यांची कढी

मंडळी, जरा पुढं सरका, उन्हात बसलेल्यांना मांडवात घ्या, आणि मला एवढं सांगा — आपलं माणूस ओळखायचं कशावरून?

"तोंडावरून!" बघा, पहिल्या रांगेतल्या गिरजाबाई म्हणाल्या. बरं, तोंडच बदललं तर? "आवाजावरून!" आवाजही बदलला! नाव बदललं, उंची बदलली — मग? गिरजाबाई आता शेजारणीकडं बघतायत! काळजी नको. याच प्रश्नापुढं एक राणी तीन वर्षं अडली होती. आणि ती परकी नव्हे बरं का, आपल्या विदर्भाची लेक. कुंडिनपूरची दमयंती!

ऐका. नवरा निषध देशाचा राजा नळ. फाशांच्या नादात राज्य घालवलं. दोघं अंगावरच्या वस्त्रानिशी रानात आली. आणि एकदा ती झोपेत असताना हा तिला टाकून निघून गेला! का? म्हणे, "एकटी राहिली तर माहेरी तरी जाईल." काय अक्कल! बायकोला न विचारता बायकोचं भलं करायचं! — पेटीवाले, हसू नका, तुमचंही सांगेन! — पुढं एका नागाच्या दंशानं नळाचं रूपच पालटलं. ठेंगणा, काळवंडलेला, हात आखूड. बाहुक असं नाव घेतलं आणि अयोध्येच्या राजाकडं सारथी आणि आचारी म्हणून राहिला.

इकडं दमयंती माहेरी आली. बापाचं घर, कशाला तोटा नव्हता. पण जेवायला बसली की ताटाकडं नुसती बघत राहायची. तिला निषधातला मुदपाकखाना आठवायचा. आजही आपण चांगल्या स्वयंपाकाला नळपाक म्हणतो ना? तो याच नळाचा!

नवं लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. तिनं हौसेनं नवऱ्यासाठी कढी केली. आता पोथीत कढी नाही, दुसराच पदार्थ आहे, सप्ताहात त्याचं नाव काढत नाही! कढी माझ्या पदरची. तर फोडणीत मेथ्या टाकल्या आणि ही बघत बसली नवऱ्याकडं. मेथ्या करपल्या! कढी कडू! दासी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नळ मात्र वाटीच्या वाटी प्याला. म्हणाला, "विदर्भात अशी करतात होय? छान लागते की!" आणि तेव्हापासून हा एवढा निष्णात गडी घरच्या कढीला मेथ्या मुद्दाम करपवायचा. ती चिडायची, "किती दिवस चिडवाल हो?" तो म्हणायचा, "चिडवत नाही गं. मला आता दुसरी गोडच लागत नाही."

काय दिवस होते ते! तेव्हा तिला वाटायचं, हे असंच चालायचं. आपल्यालाही वाटतंच की.

पुढं बातमी आली — अयोध्येत एक कुरूप सारथी आहे, नळाचं नाव काढलं की डोळे पुसतो. दमयंतीनं अयोध्येच्या राजाला निरोप धाडला, "दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे, उद्याच!" एका दिवसात तेवढी वाट कापणारा सारथी जगात एकच होता ना, नळ! संध्याकाळी रथ दणाणत आला. ही सज्जात उभी. उतरलं कोण? ठेंगणा बाहुक! मनाशी ठरवलेलं होतं, हा नळ नसेल तर अग्नीत उडी घ्यायची. जिवाशी गाठ होती, मंडळी!

तिनं केशिनी दासीला पाठवलं. ती धापा टाकत परत. "ताईसाहेब, नवल! त्यानं नुसतं बघितलं आणि रिकामा घडा भरला! हातात गवत धरलं, ते पेटलं!"

हे वर देवांनी नळाला लग्नात दिलेले. तुम्ही असता तर धावला असता, "हाच तो!" दमयंती जागची हलली नाही. कारण पहिल्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन उभे राहिले होते! तेव्हा तिनं नळ ओळखला तो घामावरून. देवांना घाम नव्हता, याच्या कपाळावर होता!

म्हणाली, "चमत्कार राहू दे. तो जेवतोय काय?"

"राजाचं वेगळं रांधलंय. स्वतःपुरती कढी केलीय पागेजवळच्या चुलीवर."

"थोडी मागून आण."

बाहुक ओशाळला. "बाई, ही नेऊ नका. मेथ्या करपल्यात."

"एवढे राजाचे आचारी तुम्ही! दुसरी करा की!"

"येते हो दुसरी. पण मला हीच लागते."

केशिनीनं वाटी आणली. दमयंतीनं एक घोट घेतला. कडू! आणि राणी हमसून हमसून रडायला लागली. बाहुकाला बोलावून घेतलं. तो खाली मान घालून उभा.

"झोपलेल्या बायकोला रानात टाकलंत," ती म्हणाली, "आणि कढी तेवढी बरोबर नेलीत?"

"राज्य गेलं, रूप गेलं," तो म्हणाला, "तुझं एवढंच उरलं होतं."

मग नळाचं रूप परत आलं. पण ध्यानात घ्या — रूप नंतर आलं, ओळख आधी पटली! आणि पटली ती तिच्याच चुकीवरून, जी त्यानं जिवापाड जपली होती.

आता तुम्ही सांगा. घरच्या माणसाच्या चुका आपणही लक्षात ठेवतो. कशाला? भांडणात काढायला! दहा वर्षांपूर्वीचं खारट वरण आजच्या भांडणात! गिरजाबाई, खोटं बोलतोय का मी?

मघाशी म्हणालो, कढी माझ्या पदरची. आमच्या घरी मेथ्या करपायच्या. तीस वर्षं मी वाटी बाजूला सरकवली, चारचौघांत बोललो, कीर्तनात विनोद केले. आमची ही हसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. सून सुरेख कढी करते, एक दाणा करपत नाही. मी जेवतो आणि उठतो.

आज घरी जाल. ताटात काही करपलेलं असलं तर बोलण्याआधी एक घोट घ्या. एवढीच माझी बिदागी समजा.

पेटीवाले, सूर धरा. मंडळी, देवाचं नाव आता तुम्हीच मोठ्यानं घ्या. माझा आवाज आज पुरणार नाही.